दंतोपचारासाठी परदेशप्रवास

हंगेरीच्या वायव्य कोपऱ्यात, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीपासून थोड्याच अंतरावर, मोशोनमद्यारोवार नावाचे एक लहानसे शहर आहे. त्याची लोकसंख्या तीस-पस्तीस हजारांच्या घरात असेल. परंतु तेथील रस्त्यांवरून जाताना प्रवाशाच्या नजरेत सर्वांत आधी भरतात त्या दंतवैद्यांच्या पाट्या. यांतील अनेक पाट्या जर्मन भाषेत आहेत. कारण त्या वाचणारा रुग्ण बहुधा गावातला नसतो, तो व्हिएन्नाहून मोटारीने आलेला असतो. दक्षिणेकडील शोप्रोन या शहराचीही हीच स्थिती आहे. १९८९ साली सरहद्दीवरील काटेरी तारा निघाल्या आणि स्वस्त परंतु कसबी दंतोपचारांसाठी ऑस्ट्रियातून हंगेरीत होणारी ये-जा झपाट्याने वाढली.

या पहिल्या पिढीतील रुग्णांना प्रवासाचा फारसा विचार करावा लागत नसे. सकाळी घरून निघावे, दुपारी दात काढून घ्यावा आणि संध्याकाळी घरी परतावे, असा तो क्रम होता. जखम दुखू लागली, टाका सुटला किंवा दातावर बसवलेली टोपी टोचू लागली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तासाभराचा प्रवास करून वैद्याकडे जाता येई. अंतर कमी असल्यामुळे चूक सुधारण्यास वाव होता.

मे २००४ मध्ये हंगेरी युरोपीय संघाचा सदस्य झाला आणि अल्पदराची विमानसेवा बुडापेस्टपर्यंत पोहोचली. आता इंग्लंड, आयर्लंड यांसारख्या दूरच्या देशांतून रुग्ण येऊ लागले. लंडनहून बुडापेस्टला विमानाने सुमारे अडीच तास लागतात. म्हणजे वेळेच्या दृष्टीने लंडन आणि बुडापेस्ट ही शहरे जवळ आली. परंतु रुग्ण आणि वैद्य यांच्यामध्ये आता एक तिकीट उभे राहिले. परतीचा दिवस आधीच ठरलेला, त्याचे पैसे आधीच भरलेले आणि तो बदलावयाचा तर नवा भुर्दंड. पुढे तुर्कस्तान, थायलंड, मेक्सिको, कोस्टा रिका आणि भारत या देशांतही दूरदूरचे रुग्ण येऊ लागले, तेव्हा हाच प्रश्न अधिक बिकट झाला. या प्रश्नाचे उत्तर विमानकंपनीच्या कचेरीत मिळत नाही. ते रुग्णाच्या जबड्यातच शोधावे लागते.

हाडाची कालगणना

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या एका शिक्षिकेची वरच्या जबड्यातील एक दाढ पडली आहे आणि तेथे कृत्रिम दात बसवून घेण्याचा तिचा विचार आहे. शाळेच्या सुटीत तिला दहा दिवस मोकळे मिळतात. एवढ्या अवधीत बुडापेस्टला जाऊन काम पूर्ण करून यावे, असे तिला वाटते. हे शक्य आहे काय?

याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम या धातूचे एक सूक्ष्म उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण काढू लागताच असे दिसून आले की, हाडाने त्या धातूला घट्ट धरले आहे. दोहोंना विलग करणे जवळजवळ अशक्य आहे. या योगायोगातून दंतरोपणाच्या आधुनिक शास्त्राचा उगम झाला. १९६५ साली ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. १९८२ मध्ये टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर या पद्धतीचा जगभर स्वीकार झाला.

या शोधाचे मर्म धातूइतकेच वेळेत आहे. खुंट बसवल्याबरोबर तो दाताचा भार पेलू शकत नाही. हाडाच्या पेशींनी त्याच्याभोवती नवे हाड रचावे लागते. ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यासाठी सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यासाठी सुमारे सहा महिने थांबत असत. कारण वरच्या जबड्याचे हाड अधिक विरळ असते. पुढे खुंटाच्या पृष्ठभागात सुधारणा झाल्या आणि हा काळ अनेक रुग्णांच्या बाबतीत कमी झाला. निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दातही बसवता येतो. तथापि, त्या दिवशी बसवलेला दात आणि त्या दिवशी पक्का झालेला खुंट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तोंडात दात दिसत असला तरी खाली हाडाचे काम चालूच असते.

म्हणून आपल्या उदाहरणातील शिक्षिकेला दहा दिवसांची एक फेरी पुरणार नाही. तिला निदान दोन फेऱ्या कराव्या लागतील : पहिली खुंट बसवण्यासाठी आणि काही महिन्यांनंतरची दुसरी त्यावर दात चढवण्यासाठी. जाहिरातीत खर्च सांगितला जातो तो बहुधा उपचाराचा. प्रवासाचा, निवासाचा आणि बुडालेल्या रजेचा खर्च दोनदा धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

विमानातील हवा

दुसरी गोष्ट आहे ती विमानात बसल्यानंतरची. प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडते. आतील भागात यंत्रांच्या साहाय्याने हवेचा दाब वाढवलेला असतो. परंतु तो जमिनीवरील दाबाइतका नसतो. बहुतेक विमानांत तो जास्तीत जास्त आठ हजार फूट, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा खाली येतो. अलीकडच्या काही विमानांत ही मर्यादा सहा हजार फुटांच्या आसपास ठेवलेली असते. समुद्रसपाटीवर पाऱ्याची उंची ७६० मिलिमीटर असेल, तर आठ हजार फुटांवर ती सुमारे ५६५ मिलिमीटर भरते.

दाब कमी झाला की वायूचे आकारमान वाढते, हा सतराव्या शतकातील रॉबर्ट बॉइल यांचा नियम शालेय पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. वरील आकड्यांना तो लावला असता असे दिसते की, बंद जागेत कोंडलेली हवा विमानात सुमारे एक-तृतीयांशाने फुगू पाहते. हवा पोकळ आणि मऊ जागेत असेल तर फारसे बिघडत नाही. दाताच्या आत, अर्धवट भरलेल्या पोकळीत किंवा मुळाशी झालेल्या गळवात ती अडकली असेल, तर तिला फुगण्यास जागा नसते आणि कळ उठते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांमध्ये ही दातदुखी मोठ्या प्रमाणावर आढळली आणि लष्करी दंतवैद्यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. दाताच्या गाभ्याला सूज असेल तर बहुधा विमान वर चढताना वेदना होते. गाभा मृत झाला असेल तर ती उतरताना जाणवते. मुळाशी गळू असेल तर चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा त्रास होतो. यावरून असा निष्कर्ष निघतो की, निरोगी दाताला विमान त्रास देत नाही. जे आधीच बिघडलेले असते किंवा अर्धवट राहिलेले असते, तेच विमानात बोलू लागते.

याहून नाजूक बाब वरच्या दाढांची आहे. त्यांच्या मुळांवर, गालाच्या हाडामागे, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. दाढ पडून बराच काळ लोटला की तेथील हाड झिजते आणि खुंट रोवण्यास पुरेशी जाडी उरत नाही. अशा वेळी शल्यविशारद सायनसच्या तळाचे पातळ अस्तर अलगद वर उचलून त्याखाली हाडाची भर घालतात. हे अस्तर अत्यंत पातळ असते. शस्त्रक्रियेनंतर जोराने नाक शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे, असे रुग्णास बजावले जाते. कारण आतील दाब वाढला तर अस्तर फाटण्याची भीती असते. विमानातील दाबाचे चढउतार हेच काम करू शकतात. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर किमान दोन आठवडे विमानप्रवास टाळावा असे अनेक शल्यविशारद सांगतात. काही त्याहूनही अधिक काळ थांबवतात.

आपल्या शिक्षिकेची दाढ वरच्या जबड्यातीलच आहे. तिला ही भर घालावी लागली तर दहा दिवसांच्या सुटीचा बेत पहिल्याच फेरीत मोडतो. ही गरज बुडापेस्टला पोहोचल्यानंतर क्ष-किरण चित्रात प्रथमच दिसली, तर तिची अवस्था अवघड होते. थांबावे तर शाळा बुडते; निघावे तर शस्त्रक्रिया धोक्यात येते.

परतीचा दिवस

नियोजनाची खरी कसोटी परतीच्या दिवसात असते. जाण्याचा दिवस प्रवासी ठरवू शकतो. परतीचा दिवस जखमेने ठरवावयाचा असतो.

साधा दात काढल्यानंतर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. तीच जखमेचे झाकण असते आणि नव्या हाडाचा पायाही तीच असते. ती निसटली तर हाड उघडे पडते आणि तीव्र ठणका सुरू होतो. हा त्रास सामान्यतः शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. म्हणजे जो रुग्ण दुसऱ्याच दिवशी विमानात बसतो, त्याला हा ठणका अनेकदा घरी पोहोचल्यावर, उपचार करणाऱ्या वैद्यापासून शेकडो कोस दूर असताना गाठतो.

दात स्वच्छ करणे किंवा साधे भरणे यानंतर, बधिरता उतरल्यावर प्रवासास सहसा हरकत नसते. साधा दात काढल्यावर एक-दोन दिवस, अक्कलदाढ हाड कापून काढल्यास काही दिवस ते आठवडा आणि साधे दंतरोपण केल्यास टाके काढेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस थांबता आले तर उत्तम. मुळाचा उपचार चालू असेल तर तो पुरता होऊन दात बंद केल्यावर आणि वेदना थांबल्यावरच निघावे. या सर्वसाधारण मर्यादा आहेत. अंतिम शब्द शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याचा.

दातावर टोपी किंवा पूल बसवून घेणाऱ्यास जखमेची भीती नसते. म्हणून तो बहुधा शेवटच्या दिवशी दात बसवून थेट विमानतळ गाठतो. हेही योग्य नव्हे. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसतात की नाही, हे खुर्चीत बसून पूर्ण कळत नाही. दोन-चार जेवणे झाल्यावर ते कळते. केसाएवढी उंची घासून कमी करणे हे पाच मिनिटांचे काम असते. परंतु ती पाच मिनिटे परगावी राहून गेली, तर पुढे महिनोन्‌महिने जबडा दुखू शकतो. म्हणून दात बसवल्यानंतर निदान दोन दिवस त्याच गावी राहून जेवावे आणि मग वैद्यास पुन्हा दाखवून निघावे.

लांबच्या प्रवासात आणखी एक धोका असतो. बराच वेळ पाय खाली सोडून बसल्याने पायांतील खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासामुळे हा धोका सुमारे दुप्पट होतो. मुळात तो अल्प असतो, सुमारे सहा हजारांत एक एवढाच. परंतु वय, स्थूलता, पूर्वीचा आजार किंवा नुकतीच झालेली मोठी शस्त्रक्रिया यांची भर पडली तर दुर्लक्ष करून चालत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने ती दंतोपचारासाठी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. एका बाजूला रक्तस्राव आणि दुसऱ्या बाजूला गुठळी, अशा दोन्ही गोष्टी तोलून निर्णय वैद्याने घ्यावयाचा असतो.

तिकीट, औषधे आणि कागद

एवढे समजल्यावर तिकिटाचे नियम आपोआप सुचतात. आधी क्ष-किरण चित्रे परदेशी वैद्याकडे पाठवून उपचाराचा लेखी आराखडा मागवावा आणि मगच तिकीट काढावे. परतीची तारीख बदलता येईल असे तिकीट महाग पडते. परंतु शस्त्रक्रियेच्या बाबतीत तो जास्तीचा पैसा म्हणजे एक प्रकारचा विमाच होय. शक्य तर थेट विमान घ्यावे. प्रत्येक मुक्कामागे एक चढण आणि एक उतार वाढतो. वाटेत विमान बदलावे लागणार असेल, तर सबंध प्रवास एकाच तिकिटावर असावा. निरनिराळी तिकिटे घेतली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढचे चुकलेले विमान ही सहसा प्रवाशाचीच हानी ठरते. सर्दी असताना उड्डाण टाळावे. विमानातील हवा अतिशय कोरडी असते. म्हणून वारंवार थोडे पाणी प्यावे.

औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत. वेदनाशामकांपैकी कोडीन व ट्रामाडॉल यांवर संयुक्त अरब अमिरातीसह काही देशांत कडक नियंत्रण आहे. तेथे उतरणाऱ्याने आधी चौकशी करावी. मेट्रोनिडॅझोल हे हिरड्यांच्या संसर्गावर नेहमी दिले जाणारे औषध चालू असेल तर विमानात मिळणारे मद्य वर्ज्य समजावे. २००६ पासून अनेक विमानतळांवर हातातील सामानात शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतील द्रव नेऊ देत नाहीत; म्हणून गुळण्यांच्या औषधाची बाटली लहान असावी.

कागदपत्रांचे महत्त्व रुग्णास बहुधा फार उशिरा कळते. खुंट आणि त्यावरचा दात यांना जोडणारा स्क्रू प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो आणि तो फिरवण्याचे हत्यारही वेगळे असते. आठ-दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तर गावचा दंतवैद्य तो पाच मिनिटांत घट्ट करू शकेल, पण खुंट कोणत्या बनावटीचा आहे हे त्याला ठाऊक असेल तरच. म्हणून उत्पादकाचे नाव, नमुना, लांबी, व्यास व तुकडी क्रमांक यांची नोंद आणि शेवटची क्ष-किरण चित्रे घेतल्याशिवाय परदेशातून निघू नये. प्रवासाचा सामान्य विमा ठरवून घेतलेल्या उपचारांतील गुंतागुंत बहुधा भरून देत नाही, हेही आधीच वाचून ठेवावे.

मायदेशी येणारे रुग्ण

भारतात येणाऱ्या रुग्णांत परदेशस्थ भारतीयांचा मोठा वाटा आहे. या देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास स्थापन केले. आज येथील दंतवैद्यांचे कौशल्य सर्वमान्य आहे. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमापासून त्यांच्या राज्यवार नोंदणीची पद्धतही चालत आली आहे. वैद्य नोंदणीकृत आहे की नाही, हे पाहणे रुग्णाच्या हाती आहे.

कॅलिफोर्नियातून किंवा न्यू जर्सीतून पुण्या-मुंबईस येणाऱ्या कुटुंबाची सुटी साधारणतः तीन आठवड्यांची असते. तीत एखादे लग्न, देवदर्शन, नातेवाइकांच्या गाठीभेटी आणि शेवटच्या आठवड्यात दात, असा क्रम लावला जातो. तो उलटा असावयास पाहिजे. दंतवैद्याची भेट उतरल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्यावी, म्हणजे जखम भरण्याचे दिवस गाठीभेटींत आपोआप जातात आणि काही बिघडल्यास दुरुस्तीला अवसर राहतो. लग्नाच्या पंगतीत एका बाजूने जेवावे लागेल, एवढीच काय ती गैरसोय. एका हिवाळ्यात खुंट आणि पुढच्या हिवाळ्यात दात, अशी विभागणीही अनेकांना सोयीची पडते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी दुसऱ्या फेरीच्या वेळी आपला प्रवेशपरवाना चालू असेल की नाही, हे पाहून ठेवावे. २०१७ पासून उपचारासाठी येणाऱ्यांकरिता ई-व्हिसाचा स्वतंत्र प्रकार आहे. त्याच्या मुदतीचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ते तपासणे आवश्यक आहे.

आता पुन्हा लंडनच्या शिक्षिकेकडे वळू. तिने जर आधी क्ष-किरण चित्र पाठवले असेल आणि हाडाची भर घालावी लागेल असे उत्तर आले असेल, तर तिच्यापुढे तीन मार्ग उरतात. उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीपर्यंत थांबून तीन आठवड्यांची फेरी आखावी. विमानाऐवजी आगगाड्या बदलत, दीड-दोन दिवसांचा प्रवास करून परतावे. किंवा एका दाढेसाठी एवढा खटाटोप न करता आपल्याच गावी, थोडे अधिक पैसे देऊन, काम करून घ्यावे. तिसरा मार्ग स्वीकारण्यात कमीपणा नाही. तोंडभर दातांचे काम असेल तेव्हा दूरचा प्रवास परवडतो. एका दातासाठी तो पुष्कळदा परवडत नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी निर्णय तिकीट काढण्यापूर्वी झाला, एवढे मात्र तिला साधले. चेहरा सुजलेला, हातात उद्याचे तिकीट आणि समोर परक्या भाषेत बोलणारा वैद्य, अशा अवस्थेत तो घेण्याची पाळी तिच्यावर आली नाही.